शीआनच्या मंदिरांना चाळीस मिनिटे पुरत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की आपल्या दैनिकासह सर्वच मराठी वृत्तपत्रांत परदेश सहलींच्या पानभर जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत आता चीनच्या सहलीही ठळकपणे दिसतात. बीजिंग, शीआन आणि शांघाय अशी तीन शहरांची ही सहल असते. शीआनच्या रकान्यात १९७४ साली सापडलेल्या मातीच्या सैनिकांचे मोठे छायाचित्र असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘बिग वाइल्ड गूज पॅगोडा, फोटो स्टॉप’ एवढाच उल्लेख असतो. हे पत्र मी त्या ‘फोटो स्टॉप’ या दोन शब्दांविषयी लिहीत आहे, कारण एक कोटीहून अधिक वस्तीच्या त्या शहरातील बौद्ध मंदिरांशी आपल्या देशाचा, आणि विशेषतः महाराष्ट्राचा, जो संबंध आहे, तो या दोन शब्दांत पार पुसला जातो.

परळच्या एका मराठी शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. युआन श्वांग या चिनी भिक्षूने सातव्या शतकात आपल्या प्रदेशाविषयी जे लिहून ठेवले, ते सांगण्याचा तास मला फार आवडत असे. इथले लोक साधे पण मानी आहेत, उपकारकर्त्याला ते विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, पुलकेशी राजापुढे बलाढ्य हर्षवर्धनाचेही काही चालले नाही, येथे शंभराहून अधिक संघाराम (बौद्ध मठ) आणि सुमारे पाच हजार भिक्षू आहेत, हे वाचून दाखवताना मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ताठ बसत. पूर्वेकडच्या डोंगरातील ज्या विहाराच्या दारात दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचे तो सांगतो, तो विहार म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे सारे त्याने ६४६ साली ज्या नगरीत लिहून पुरे केले, ती तांग सम्राटांची राजधानी चांगआन म्हणजेच आजचे शीआन. त्यामुळे गेल्या वर्षी मी आणि माझी धाकटी बहीण मुंबईच्या एका सहल कंपनीबरोबर चीनला निघालो, तेव्हा मनात प्रथम होते ते हेच शहर.

मातीचे सैनिक पाहण्यात अर्धा दिवस गेला आणि तो सार्थकी लागला, याविषयी तक्रार नाही. त्यानंतर बस दायान था, म्हणजे जाहिरातीतल्या त्या बिग वाइल्ड गूज पॅगोडाच्या मनोऱ्यापाशी थांबली, टूर मॅनेजरने चाळीस मिनिटे दिली आणि मंदिराच्या आवाराचे तिकीट सहलखर्चात धरलेले नाही, हे तेव्हा सांगितले. आत जाऊन येते असे मी म्हटल्यावर ‘आत काही नाही, नुसता जिना आहे’ असे उत्तर मिळाले. तीस-पस्तीस मराठी माणसांनी चौकातील कारंज्यांपुढे छायाचित्रे काढली आणि सर्वजण पुन्हा बसमध्ये बसले. तो जिना कोणाचा, मनोरा कशासाठी बांधला, हे कोणालाच कळले नाही, आणि मला ठाऊक असूनही सांगायला कोणी वेळ दिला नाही. सहल संपल्यावर आम्ही दोघी शांघायहून रेल्वेने पुन्हा शीआनला गेलो आणि तीन दिवस राहिलो. वेगवान गाडीने सहा-सात तासांत पोहोचता येते. त्या तीन दिवसांत जे पाहिले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवते.

प्रथम नावाविषयी. ‘गूज’ या शब्दाचे मराठीत आपण रानबदक करतो आणि अर्थच हरवतो. युआन श्वांगाने मगधातील एका विहाराची कथा लिहिली आहे. तेथील भिक्षूंना काही प्रकारचे मांस चालत असे. एकदा अन्न मिळेना, तेव्हा आकाशातून जाणारा थवा पाहून एक भिक्षू थट्टेने म्हणाला, आज आमच्या जेवणाची सोय नाही, बोधिसत्त्वाने वेळ ओळखावी. ते शब्द संपतात तोच थव्यातील पुढचा पक्षी खाली येऊन त्यांच्यापुढे मरून पडला. भिक्षूंनी मांस सोडले, त्या पक्ष्याला पुरले आणि त्यावर स्तूप उभारला. त्या स्तूपाचे नाव त्याने चिनी लिपीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहे आणि ते ‘हंस’ असे आहे. म्हणजे शीआनच्या त्या मनोऱ्याला मराठीत महाहंस स्तूप म्हणणे अधिक योग्य, आणि तसे म्हटले की तो परका वाटत नाही. आपल्या पुरवणीत यापुढे कधी त्याचा उल्लेख आला, तर हेच नाव वापरावे, अशी माझी विनंती आहे.

ज्या दात्सएन मंदिरात हा मनोरा आहे, ते ६४८ साली तांग युवराजाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ बांधले. मंदिराच्या नावाचा अर्थच ‘आईची थोर माया’ असा होतो. युआन श्वांग ६४५ साली भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला होता, ते सुरक्षित ठेवण्यासाठी त्याला दगडी स्तूप हवा होता. सम्राटाने दगडाऐवजी वीट सुचवली आणि खर्चासाठी राजवाड्यातील मृत स्त्रियांच्या मागे राहिलेले कपडे आणि वस्तू दिल्या. ६५२ साली काम सुरू झाले, तेव्हा पन्नाशीला आलेला हा पंडित स्वतः पाटीतून विटा वाहत असे, असे त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंदवलेले आहे. ‘नुसता जिना’ म्हणून ज्याची वासलात लागली, त्याचा आरंभ असा आहे. मूळ बांधकामाचा गाभा मातीचा असल्याने ते लवकर खचले आणि सम्राज्ञी वू हिच्या काळात, ७०१ ते ७०४ या वर्षांत, ते पुन्हा बांधले गेले. पुढे १६०४ साली मिंग काळात त्यावर बाहेरून विटांचे जाड कवच चढवले. आज जो सात मजली, सुमारे ६४ मीटर उंच मनोरा दिसतो, तो असा थरांवर थर देत टिकलेला आहे. भूजलाच्या बेसुमार उपशामुळे तो एका बाजूला झुकला होता, उपसा आवरल्यावर तो किंचित सावरतो आहे.

आत शिरण्यापूर्वी दक्षिणेकडच्या दाराच्या दोन बाजूंना थांबावे. तेथे कोनाड्यांत ६५३ सालचे दोन काळे शिलालेख आहेत. युआन श्वांगाच्या अनुवादांसाठी सम्राट थायझोंग आणि त्याचा पुत्र गाओझोंग यांनी लिहिलेली प्रस्तावना आणि टिपण त्यांवर चू स्वेल्यांग या नामवंत सुलेखनकाराच्या अक्षरांत कोरलेली आहेत. पूर्वेकडचा लेख चिनी रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे जातो आणि पश्चिमेकडचा मात्र डावीकडून उजवीकडे. दोन्ही लेखांनी दाराकडे तोंड करावे म्हणून ही योजना. माझ्या बहिणीला चिनी अक्षर एकही येत नाही, तरी तिने दोन्हींच्या तळाशी कोरलेले नर्तक आणि वादक बराच वेळ पाहिले, तेही असेच एकमेकांना साजेसे बसवलेले आहेत. जिना लाकडी आहे, पायऱ्या चढताना दमायला होते, पण प्रत्येक मजल्याला चारी दिशांना कमानीची खिडकी आहे आणि त्या जाड भिंतीत उभे राहिले की बाहेरचा गोंगाट एकदम थांबतो.

धाकटा हंस स्तूप, म्हणजे श्याओयान था, पाहायला सहलींची बस सहसा थांबत नाही. मला मात्र तो थोरल्यापेक्षाही आवडला. ज्येनफू मंदिराचा हा मनोरा ७०७ ते ७०९ या काळात राजवाड्यातील स्त्रियांच्या दानातून उभा राहिला. तो मूळचा पंधरा मजली होता. १४८७ च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत उभा तडकला आणि १५२१ च्या भूकंपात ती फट एका रात्रीत मिटली, असे १५५१ साली एका प्रवाशाने त्याच्या दाराच्या दगडावर कोरून ठेवले आहे. पुढे १५५६ च्या प्रलयंकर भूकंपात वरचे मजले ढासळले आणि तेरा उरले. १९६० च्या दशकात दुरुस्ती झाली, तेव्हा पायाखाली चोपून बसवलेली मातीची मोठी अर्धगोलाकार बैठक आढळली आणि इतके हादरे सोसूनही तो का उभा राहिला, हे उमगले. त्या वेळी पडलेले दोन मजले पुन्हा बांधण्याचा मोह टाळला गेला, हे मला फार मोलाचे वाटते. त्याचे तुटके टोक आजही तसेच आहे. आवारात ११९२ साली ओतलेली लोखंडी घंटा आहे, तिचा पहाटेचा नाद त्या परिसरातील आठ रमणीय गोष्टींत गणला जाई.

या मंदिरात इत्सिंग या चिनी भिक्षूने अनुवाद केले. तो ६७१ साली समुद्रमार्गे निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे शिकला आणि ६९५ साली सुमारे चारशे ग्रंथ घेऊन परतला. भारतातील मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाची मुळाक्षरांची पोथी हाती घेतात, तिच्यात ४९ वर्ण असतात आणि सहा महिन्यांत ती पुरी होते, असे त्याने लिहिले आहे. आपल्याकडे जुन्या शाळेत मुलाच्या हाती धूळपाटी देऊन ‘ओ ना मा सी धं’ म्हणवून घेत, ते ‘ॐ नमः सिद्धम्’चेच बोबडे रूप. कामाचा ओनामा झाला असे आपण रोज म्हणतो. त्या शब्दाचे मूळ ज्याने तेराशे वर्षांपूर्वी कान देऊन टिपले, त्याच्या मंदिरात उभे राहिल्यावर मला माझ्या शाळेतील पहिलीचा वर्ग आठवला.

‘सिद्धम्’चा हाच धागा छिंगलोंग मंदिरापर्यंत जातो. तेथे आचार्य ह्वेग्वो यांच्याकडे ८०५ साली जपानचा भिक्षू कूकाई शिकला. जपानमधील शिंगोन पंथ त्याने स्थापन केला आणि आजही त्या पंथाचे लोक ध्यानासाठी सिद्धम् लिपीतील ‘अ’ समोर ठेवतात. अक्षर आपले, शिकवले चीनमध्ये आणि जपले जपानमध्ये. मूळ मंदिर काळाच्या ओघात नष्ट झाले, १९७० च्या दशकात उत्खनन होऊन त्याचे अवशेष सापडले आणि १९८० च्या दशकात आताच्या वास्तू नव्याने बांधल्या गेल्या, हे वाचकांना आधीच सांगितले पाहिजे, म्हणजे कोणी प्राचीन लाकूडकामाच्या अपेक्षेने जाऊन हिरमुसणार नाही. जपानहून आणलेली चेरीची झाडे वसंतात फुलतात तेव्हा तेथे शहर लोटते.

ह्वेग्वोंचे गुरू अमोघवज्र. त्यांचे दाशिंगशान मंदिर शहराच्या गजबजलेल्या बाजारपेठेत आहे. सुई राजवटीत ५८२ साली नवी राजधानी आखली गेली, तेव्हापासून भारतीय पंडितांचे हे मोठे अनुवादकेंद्र होते. नरेंद्रयश आणि ज्ञानगुप्त यांची नावे त्या काळच्या नोंदींत आहेत, पुढे आठव्या शतकात शुभकरसिंह आणि वज्रबोधी चांगआनला आले. आजच्या वास्तू नंतरच्या आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी आवारात कबुतरे होती, कचेरीला जाणारे लोक उदबत्ती लावून दोन मिनिटे उभे राहत होते आणि पुढे जात होते, अगदी आपल्याकडे सिद्धिविनायकाला मंगळवारी जाता जाता हात जोडतात तसे. दाशिंगशान, महाहंस स्तूप आणि छिंगलोंग ही तिन्ही ठिकाणे मेट्रोच्या तीन क्रमांकाच्या एकाच मार्गावर आहेत. श्याओझाय, दायानथा आणि छिंगलोंगस अशी स्थानकांची नावे लक्षात ठेवली की वाटाड्या लागत नाही.

शहराबाहेरच्या दोन मंदिरांना मात्र गाडी करावी लागते. दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर उंचवट्यावर शिंगज्याओ मंदिर आहे. युआन श्वांगाचा मृत्यू ६६४ साली झाला आणि ६६९ साली त्याचे अवशेष येथे आणून त्यावर स्तूप बांधण्यात आला. पाच मजली, सुमारे २१ मीटर उंच असा हा विटांचा स्तूप आहे आणि त्याच्या दोन बाजूंना त्याच्या दोन शिष्यांचे तीन मजली लहान स्तूप आहेत. एक चिनी ख्वेजी आणि दुसरा कोरियाहून आलेला वोनछुक. गुरूच्या दोन बाजूंना दोन शिष्य हात जोडून उभे असावेत, तसे ते तीन स्तूप दिसतात. आवारात दगडावर कोरलेले त्याचे चित्र आहे. पाठीवर वेताची उंच पडशी, तीत गुंडाळलेल्या पोथ्या, आणि डोक्यावरून पुढे झुकलेल्या छत्रीला टांगलेला लहानसा दिवा. इतकी वर्षे फळ्यावर ज्याच्या प्रवासाचा नकाशा काढला, त्याच्या अस्थींपुढे मी उभी आहे, ही जाणीव झाली तेव्हा मला बोलवेना. तेथे दुसरा एकही पर्यटक नव्हता. २०१३ साली जागतिक वारसा यादीच्या प्रस्तावाच्या निमित्ताने या मंदिरातील अलीकडच्या काही इमारती पाडण्याचा विचार पुढे आला होता, पण भिक्षू आणि नागरिक यांच्या विरोधामुळे तो मागे पडला. २०१४ साली येथील स्तूप आणि दोन्ही हंस स्तूप रेशीम मार्गाच्या वारशाचा भाग म्हणून युनेस्कोच्या यादीत आले.

नैर्ऋत्येला, छिनलिंग पर्वताच्या पायथ्याशी असलेले त्साओथांग मंदिर कुमारजीवाचे. त्साओथांग म्हणजे गवताने शाकारलेली वास्तू. कुमारजीवाचे वडील भारतीय, आई मध्य आशियातील कुचा राज्याची राजकन्या. एका चिनी सेनापतीने त्याला पकडून नेले आणि सुमारे सतरा वर्षे सीमाप्रांतात अडकवून ठेवले. ४०१ साली तो चांगआनला आला आणि पुढच्या बारा वर्षांत त्याने जे अनुवाद केले, ते आजही पूर्व आशियात पाठ केले जातात. हाती मूळ ग्रंथ धरून तो चिनी भाषेत अर्थ सांगे, शेकडो भिक्षू त्यावर चर्चा करत आणि मग शब्द ठरत. अनुवाद म्हणजे आपण चावलेला घास दुसऱ्याला भरवणे, त्यात चव जाते, असे तो म्हणे. भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकायला हवे. त्याच्या स्मृतीचा रंगीबेरंगी दगडांचा लहानसा स्तूप तेथे आहे, माणसाच्या उंचीहून थोडाच उंच, त्यावर लाटा, ढग आणि डोंगर कोरलेले.

या स्तूपापुढे मला वरळी आठवली. वरळी नाक्याजवळच्या जपानी बुद्ध मंदिरात ढोलाच्या ठेक्यावर ‘ना मु म्यो हो रें गे क्यो’ हा घोष चालतो. बेस्टच्या थांब्यावर उभे असताना मी तो कितीदा ऐकला असेल, आणि तो जपानी आहे एवढेच मला ठाऊक होते. ‘म्यो हो रें गे क्यो’ हे सद्धर्मपुण्डरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या चिनी नावाचे जपानी उच्चारण आहे, आणि ते चिनी नाव कुमारजीवाने चांगआनमध्ये ४०६ साली केलेल्या अनुवादाचे आहे. संस्कृतातून चिनीत, चिनीतून जपानीत आणि तेथून मुंबईच्या वरळी नाक्यावर आलेले हे शब्द आहेत. ज्या मुंबईकराला शीआनला जाणे जमणार नाही, त्याने निदान संध्याकाळी तेथे पाच मिनिटे थांबावे.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीला माझी विनंती अशी की, चीनवरील पुढच्या लेखात शीआनच्या या मंदिरांना सविस्तर जागा द्यावी आणि तेथे गेलेल्या अन्य वाचकांकडूनही माहिती मागवावी. मुंबईतील सहल कंपन्यांना विनंती अशी की, शीआनमध्ये एक पूर्ण दिवस मंदिरांसाठी राखावा. महाराष्ट्रात लाखो बौद्ध बांधव आहेत, बोधगया आणि सारनाथला ते वर्षानुवर्षे आवर्जून जातात, आणि त्यांच्यापैकी जे चीनला जातात त्यांनाही युआन श्वांगाचा स्तूप न दाखवता परत आणले जाते, हे मला खटकते. खरेदीच्या दुकानांत घालवलेले दोन तास वाचवले तरी शिंगज्याओला जाऊन येता येते. आमच्या सहलीत रेशमाच्या एका दुकानाला पावणेदोन तास मिळाले होते, ते मी घड्याळ लावून मोजले होते.

जे वाचक येत्या सुट्टीत जाणार आहेत, त्यांनी आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे की दात्सएन मंदिराच्या आवाराचे तिकीट सहलखर्चात धरले आहे का, आणि मनोऱ्यावर चढण्याचे तिकीट, जे वेगळे काढावे लागते, तेही धरले आहे का. पासपोर्ट जवळ बाळगावा, तो तिकिटासाठी मागतात. जिना चढवत नसेल त्यांनी खालीच थांबावे, दक्षिणेच्या दाराशी ते दोन शिलालेख आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई